पहिला नमुना

घटस्फोटाच्या वाटणीत आपलं तोंड अडकलंय हे मामांना कळलं, तेव्हा ते मक्याचं कणीस खात होते.

"मामा, काय खातोयस?" फोनवर भाचीने विचारलं. "खाली ठेव आधी. तुझे दात यादीत आलेत."

यादी मोठी होती. वीस वर्षांपूर्वी भाची आणि तिच्या नवऱ्याने एका खोलीत कवळ्या करायला सुरुवात केली आणि बघता बघता कारखाना, पेटंट, शेअर, दोन बंगले असा पसारा झाला. संसार तेवढा खिळखिळा झाला. बंगले आणि शेअर एका दुपारी वाटून झाले, पण कंपनीवर दोघंही अडून बसले. त्यातच जावयाच्या वकिलाने एकेचाळिसावी नोंद घुसडली: "कंपनीचा पहिला नमुना. सध्याचा मुक्काम: मामांचं तोंड."

मामा म्हणजे कंपनीची चालतीबोलती जाहिरात. दाताच्या प्रत्येक डॉक्टरच्या भिंतीवर ते अक्रोड फोडत हसत, आणि खाली लिहिलेलं असे, 'वीस वर्षं झाली, अजून तीच कवळी!' तेव्हा नमुना ज्याचा त्याची कंपनी, असं दोन्ही वकील धरून चालले.

"दात माझ्या हातचे आहेत," जावई म्हणाला.

"आणि तोंड माझ्या माहेरचं आहे," भाची म्हणाली.

निकाल लागेपर्यंत नमुन्याची झीज होऊ देऊ नये, असं कोर्टाने बजावलं. म्हणजे मामांनी काही चावायचं नाही. सकाळी भाचीकडून सूप येई, संध्याकाळी जावयाकडून सूप येई, आणि म्हातारा चोरून काही खात नाही ना हे बघायला दोघंही अवचित टपकत. एकदा तर जावयाने मामांच्या उशीखालचा बिस्किटाचा चुरा गोळा करून पाकिटात घालून वकिलाकडे पाठवला.

मामांचं खरं दुखणं सुपाचं नव्हतं. तोंडातली कवळी त्या कंपनीची नव्हतीच. पहिला नमुना पहिल्या दिवसापासून टोचायचा. तिसऱ्या महिन्यात नावेत बसले असताना खोकल्याची उबळ आली आणि नमुना नदीत गेला. मामांना खरं तर हायसंच वाटलं. पलीकडच्या गल्लीत जाऊन त्यांनी गुपचूप दुसऱ्याच कंपनीची कवळी बसवून घेतली. भाची आईविना त्यांच्याच घरात वाढलेली. नमुना बसवून मामांनी पहिला घास चावला तेव्हा ती आनंदाने ढसाढसा रडली होती. तिला खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. मग अक्रोड आला, मग जाहिरात आली, आणि एका थापेवर चारशे माणसांचा कारखाना उभा राहिला. आता हे उघडं पडलं तर पोर आपलं तोंड बघणार नाही, या भीतीने मामांना झोप येत नव्हती.

शेवटी त्यांनी धीर केला. "बाळ, तुला एक सांगायचंय. या दातांचं असं आहे की..."

"मामा, तू फक्त तोंड बंद ठेव," भाची म्हणाली. "बाकीचं मी बघते."

नमुन्याची किंमत ठरवायला व्हॅल्यूअर आला तो हातमोजे, भिंग आणि ट्रे घेऊनच. वकिलांच्या ऑफिसात लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले. मामांनी कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. जावई तिच्यावर वाकला आणि त्याचे डोळे भरून आले.

"बघा ही वळणं. आमच्यात काय व्हायचं ते झालं, पण असा हात आज कुणाचा आहे, सांगा."

"हात आहेच तुझा," भाची बोलून गेली.

"साहेब," भिंगातून बघत व्हॅल्यूअर म्हणाला, "आतल्या बाजूला नाव दुसऱ्याच कंपनीचं आहे."

सगळे मामांकडे वळले.

"फांगतो," मामा म्हणाले. "फगळं फांगतो."

कुणाला काही कळेना. कबुली ऐकायची तर दात परत करणं भाग होतं. दोन्ही वकिलांनी ते लेखी मान्य केलं. मग मामांनी कवळी बसवली आणि रिकाम्या ट्रेकडे बघत नदीपासून सगळं सांगितलं.

"वीस वर्षं मामांनी आपल्याला मामा बनवलं," जावई पुटपुटला. मग जरा थांबून म्हणाला, "फार टोचायची का हो?"

"फार. खालची, उजवीकडे."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, उजवीकडे अजून घास," भाची नवऱ्याला म्हणाली. मग तिने मामांचा हात धरला. "एका शब्दाने सांगायचंस की रे."

"तू रडली होतीस ना," मामा म्हणाले.

भाचीने हात सोडला नाही. तेवढ्यात व्हॅल्यूअरने घसा खाकरला. ही भानगड बाहेर फुटली की भिंतीभिंतीवरच्या त्या अक्रोडाचा जाब कंपनीच्या मालकालाच द्यावा लागेल, असं त्याने नम्रपणे सुचवलं.

"खरं सांगू?" जावई म्हणाला. "कंपनी वाढवली ती हिने. डोकं हिचं. न्यायाने बघितलं तर कंपनी हिलाच मिळायला पाहिजे."

"छे, छे," भाची म्हणाली. "हातच नसता तर डोकं काय कामाचं? मला असला अन्याय नाही करायचा. कंपनी त्याचीच."

लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांबद्दल इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. कंपनीवर आपल्याच अशिलाचा हक्क कसा, हे दाखवायला दोन्ही वकिलांनी वर्षभर खपून जाडजूड फायली तयार केल्या होत्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, टेबलावरून फायलींची अदलाबदल केली आणि पुन्हा भांडायला सुरुवात केली.