किल्लीचं भोक नसलेलं कुलूप

स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप घालायचं, एवढंच म्हाताऱ्याने ठरवलं. चाळीस वर्षं कुलपं केली, वर्षापूर्वी दुकान बंद केलं. अशा माणसाने घरात एक कुलूप लावलं तर कोणाचं काय जातं? रोज सकाळी पाव गायब, लोणी गायब. घरात माणसं तीन. मुलगा रात्रपाळीला. उरली सून. म्हातारा तसं तिच्या तोंडावरच म्हणाला. (मनात ठेवलं की त्याचं पोट दुखतं.)

कुलूप स्वतःच्या हातचं, किल्ली गळ्यात. तरी सकाळी कुलूप उघडं, लोण्याचा डबा चाटूनपुसून साफ. सुनेने बॅग भरली. "चोर म्हणवून घेऊन मी इथे राहायची नाही." मुलगाही तिच्याबरोबर निघाला. पण म्हाताऱ्याचं वजन सहा किलो वाढलेलं, डॉक्टरांची वेळ आधीच घेतलेली. जाता जाता तेवढं उरकू, म्हणून तिने त्याला नेलं.

"आजोबा, रात्री उठून खाता का?"

"मी आडवा झालो की मेलो. खाते ती."

सून भिंतीकडे बघत राहिली.

"मग त्या कुलूप उघडतात कशा?"

"तेच तर. माझं कुलूप आहे, डॉक्टर. किल्लीवाचून ते उघडणारा माणूस अख्ख्या गावात एकच..."

म्हातारा थांबला. स्वतःच्या बाहीला लागलेलं लोणी त्याला तेव्हाच दिसलं.

"काही माणसं झोपेत उठून खातात," डॉक्टर म्हणाले. "सकाळी आठवत नाही. तुम्हाला उघडणार नाही असं कुलूप लावा."

"असं कुलूप अजून झालेलं नाही." (काय बोलायचं होतं आणि काय बोलला.)

रस्त्यात तो सुनेला म्हणाला, "बॅग भरून ठेवलीस तर कपडे चुरगळतील." याहून मोठी माफी त्याने बायकोचीसुद्धा कधी मागितली नव्हती. सून राहिली. येताना तिने बाजारातून आकड्यांचं कुलूप घेतलं. त्याला किल्लीचं भोकच नाही.

"खेळणं आहे," म्हातारा म्हणाला.

महिन्याने पुन्हा डॉक्टर.

"डबा?"

"भरलेला असतो," सून म्हणाली.

"मग बरं झालं की."

"कसलं बरं? महिना झाला, डोळ्याला डोळा नाही," म्हातारा म्हणाला. "रात्रभर आकडे फिरवतो. हिची जन्मतारीख झाली, लग्नाची झाली, आमची म्हातारी गेली ती तारीखसुद्धा झाली."

सून चपलांकडे बघत म्हणाली, "बाबा, आकडा बदलायचा कसा ते मला कळलंच नाही. दुकानातून आणलं तसंच आहे. चार शून्यं."

त्या रात्री म्हाताऱ्याला गाढ झोप लागली.

सकाळी डबा रिकामा होता.