डॅडने लावलेली रांग

फर्गसने कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा डॅडने त्याला आठ महिन्यांची मुदत दिली. गेम विकायचं ऑनलाइन दुकान चाललं तर चाललं, नाहीतर गपगुमान पुन्हा कॉलेज. आज मुदतीचा शेवटचा दिवस आणि सेलचा पहिला.

न्यूझीलंडमधल्या टिमारू गावातल्या त्या घरात सर्व्हर होता कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. जुना, दमेकरी. सेलच्या गर्दीत तो आडवा होऊ नये म्हणून फर्गसने सोय केली होती: एका वेळी वीसच गिऱ्हाइकं आत, बाकीची रांगेत. आतलं एक निघालं की बाहेरचं एक शिरणार.

दहाला दार उघडलं. दोनच मिनिटांत आत वीस, रांगेत एकोणचाळीस! फर्गस खुर्चीवरून उडालाच. (त्याला वाया गेलेला म्हणणाऱ्या सगळ्या थोरामोठ्यांची तोंडं त्याने मनातल्या मनात बघून घेतली.)

साडेदहा झाले. आत तेच वीस. विक्री शून्य.

"डॅड, काहीतरी बोंबललंय!"

डॅड, म्हणजे नेव्हिल, टोस्टला लोणी फासत होता. "काही नाही बोंबललं. आपलेच लोक आहेत."

"आपले म्हणजे?"

"बोल्स क्लबातले, माझ्याबरोबर हिरवळीवर चेंडू घरंगळवणारे. सगळ्यांना उभं केलंय. मी फिश अँड चिप्सचं दुकान उघडलं तेव्हा हेच केलं होतं. रांग बघून माणसं थांबतात."

"ही रांग रस्त्यावरून दिसते का? आणि आत शिरलेले काय करतायत?"

"उभे आहेत. काही घेऊ नका म्हणून बजावलंय. खऱ्या गिऱ्हाइकांना माल कमी पडायला नको."

"गेम डाउनलोड होतात, संपत नसतात, डॅड! तीस वर्षं मासे तळून तुझ्या डोक्यात तेल गेलंय. हाकल सगळ्यांना!"

नेव्हिलचं तोंड उतरलं. तो एकेकाला फोन लावू लागला. "बेरिल, बाहेर पड गं. हो, चिडलाय. नाही, तू काही मोडलं नाहीस."

आठ महिन्यांत या माणसाने दुकानाबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि त्यानेच सत्तावन्न म्हाताऱ्यांना कम्प्युटरसमोर बसवलं होतं. फर्गसने कॉफीचा दुसरा कप भरून डॅडपुढे सरकवला.

आकडा उतरत गेला. शेवटी उरले दोन. खरी गिऱ्हाइकं! फर्गस सावरून बसला.

त्यातला एक तो स्वतःच होता. दुकान तपासायला मोबाइलवरून शिरला होता, निघायचं विसरला होता.

"मग दुसरा कोण?"

नेव्हिलने आपला फोन हळूच पालथा घातला.

मग फर्गस मान खाली घालून म्हणाला, "बेरिलला विचार ना, एखादा गेम घेते का."

नेव्हिलने फोन लावला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवला.

"ती म्हणते, आता रांग दिसत नाही, दुकानात चिटपाखरू नाही. बंद केलंत का?"