ध्येयाचा चार्ज

प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान एक वैयक्तिक ध्येय बाळगावे व त्याची रीतसर नोंद करावी, असं परिपत्रक आमच्या वजनमापे कार्यालयात आलं, तेव्हा मी मुकाट्याने लिहून दिलं: पोहायला शिकणे. कारण साधं होतं. माझी मुलगी सात वर्षांची, पाण्याला घाबरणारी. बाबा आधी उतरले तरच मी उतरेन, असं तिने बजावलं होतं आणि मी शब्द देऊन बसलो होतो. मी स्वतः भरलेल्या बादलीकडेही जरा जपूनच बघतो, ही गोष्ट वेगळी.

व्यवस्था चोख होती. रोज अकरा ते सव्वाअकरा सर्वांनी प्रेरित राहायचं आणि राहिल्याची सही करायची. तीनदा उशिरा प्रेरित झालं की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाई. मी वर्षभर एकही सही चुकवली नाही. तलावाकडे मात्र फिरकलो नाही.

अशातच आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीचा चार्ज माझ्याकडे आला. दोन कपाटं, एक पंचिंग मशीन, एकशे बारा प्रलंबित फायली आणि यादीच्या तळाशी तीन प्रलंबित वैयक्तिक ध्येयं: बारा किलो वजन घटवणे, व्हायोलिन शिकणे, थोरल्या भावाची माफी मागणे.

ही तर त्यांची ध्येयं, असं मी साहेबांना म्हणालो. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ध्येय माणसाचं नसतं हो, खुर्चीचं असतं. खुर्चीवर कोण बसलंय?"

"मी."

"मग?"

माझ्या पोहण्याचं काय, असंही मी भीत भीत विचारलं. ज्येष्ठतेनुसार आधीची तीन निकाली काढा, मग तुमचं चौथं, असं उत्तर मिळालं.

हेडक्लार्क ब्याण्णव किलोंचे होते, मी चोपन्नचा. पण बारा म्हणजे बारा. दर सोमवारी कार्यालयाच्या प्रमाणित काट्यावर उभा राहायचो. बेचाळीसवर आलो त्या दिवशी एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने सही केली. घरी बायकोने दाराआडून विचारलं, "अहो, दार उघडू, की फटीतूनच येताय?"

नवल म्हणजे कामं होत होती. स्वतःसाठी सहाचा गजर लावला तर मी तो झोपेतच बंद करतो. हेडक्लार्कांसाठी पाचला टुणकन उठत होतो. दुसऱ्याचं ध्येय म्हणजे काम, आणि कामाला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. व्हायोलिन पाच महिन्यांत आलं. शेजारी घर सोडून गेले, तेही मी 'दृश्य परिणाम' या सदरात नोंदवलं.

रोज संध्याकाळी मुलगी पोहण्याची टोपी घालून दारात उभी असायची. मी तिला ज्येष्ठता यादी समजावून सांगायचो. हळूहळू तिला ती पाठ झाली.

हेडक्लार्कांचे थोरले बंधू घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात उभं राहून मी वाचून दाखवलं, की आईच्या आजारपणात मी आलो नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. मग पोचपावती पुढे केली. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि सही केली.

"माफ केलं असं लिहा," ते म्हणाले. "आणि तो याही वेळी आला नाही, हेही लिहा."

रकान्यात एकाच वाक्याची जागा होती. मी पहिलं लिहिलं.

तिन्ही ध्येयं मुदतीत निकाली निघाली, असं आमच्या खात्यात कधी घडलं नव्हतं. वरून शाबासकी आली आणि सोबत बढती: मी ध्येयपूर्ती अधिकारी झालो. खात्यातल्या समस्त निवृत्तांची तीनशे चाळीस ध्येयं माझ्या टेबलावर येऊन पडली. पोहणं तीनशे एक्केचाळीसावं झालं. या वेळी मात्र माझा आवाज चढला. साहेब विरघळले. तुमच्यावर भार फार झालाय, एक ध्येय दुसरीकडे वर्ग करतो, म्हणाले. नियमानुसार यादीतलं शेवटचं वर्ग होतं.

ते आवक-जावकच्या बाईंकडे गेलं. बाई छप्पन्न वर्षांच्या, पाण्याशी संबंध पिण्यापुरता. पण आदेश तो आदेश. तीन आठवड्यांत पोहायला लागल्या, आणि ध्येयासोबत जोडलेला कागद म्हणून माझ्या मुलीलाही घेऊन गेल्या. त्या दिवशी मी एका निवृत्त शिपायाच्या वतीने डोंगर चढत होतो.

घरी आलो तर मुलीचे केस ओले. या काठापासून त्या काठापर्यंत गेले, म्हणाली. मावशी आधी उतरल्या, मग मी. मी घाईघाईने सांगितलं, की पुढच्या रविवारी नक्की येतो, यादी गेली खड्ड्यात. ती टोपी पिळत होती.

"बाबा, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी अकराला फाईल आली. शेरा होता: ध्येय पूर्ण, लाभार्थी समाधानी. खाली ध्येयपूर्ती अधिकाऱ्याची सही हवी होती. मी केली.

तुम्हीही हे वाचायला बसताना काहीतरी बाजूला सारलंच असेल. काय ते मी विचारत नाही. आमच्याकडे पाठवून द्या, इथे कोणीतरी ते मन लावून करेल. फक्त ज्याच्यासाठी करायचं होतं, त्याचं नाव स्पष्ट अक्षरात लिहा. पोचपावतीवर सही त्याची लागते.