गप्प बसलेला क

बाळांनो, एका चातुर्मासात मी जेवताना मौन धरलं होतं. पाचव्या दिवशी हे म्हणाले, "आमटी अळणी झालीय." मी म्हणाले, "मुळीच नाही!" झालं, व्रत मोडलं. आमटी अळणीच होती.

एका जंगलात मात्र भागी नावाची खार रोज सूर्य माथ्यावर येईपर्यंत मौन पाळायची. तिची लेक रेवू शाळेत दोन भाषा शिकायची, घरची मराठी आणि बाहेरची इंग्रजी. भागीला मराठीच यायची.

एका संध्याकाळी 'नाइफ' वाचताना रेवूनं विचारलं, "आई, सुरुवातीला 'के' लिहिलाय. मग तो बोलत का नाही गं?"

"मौन धरलं असेल त्यानं. माझ्यासारखं."

रेवूला हे फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी मराठीच्या परीक्षेत तिनं लिहिलं, 'कआई'.

तिसऱ्या दिवशी सकाळीच बगळे मास्तर वही घेऊन आले. मागोमाग पोपटराव आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"कआई म्हणजे काय गं?" मास्तर ओरडले.

"आई मौनात असते ना, म्हणून तिच्या पुढे गप्प क."

"बघा भागीताई! एका डोक्यात दोन भाषा मावत नाहीत. मराठी बंद करा. घरातसुद्धा!"

"घरातसुद्धा!" पोपटराव म्हणाले.

रेवूचे डोळे भरले. "मग मी आईशी कशात बोलू?"

भागीच्या जिभेवर दहा उत्तरं आली. पण सूर्य अजून फांदीआडच होता. तिनं शेपटीनं लेकीचे डोळे पुसले, वही तिच्यापुढे सरकवली आणि नुसती बघत बसली.

मास्तर बोलतच होते. पोपटरावही बोलतच होते. रेवू आईकडे बघत वाचू लागली. "क... आई. कआई. अय्या, हा क तर बोलतोय!" ती खुदकन हसली. "गप्प बसणारा इंग्रजीतला. मराठीत कुणी गप्प बसतच नाही!"

तिनं क खोडला. राहिली नुसती आई.

मास्तरांनी घसा खाकरला आणि वहीत शेरा लिहिला, 'दोन्ही भाषा चालू ठेवाव्यात.' मग म्हणाले, "शेवटी आम्हीच शिकवलं."

"आम्हीच शिकवलं," पोपटराव म्हणाले.

तात्पर्य: लेकरू दोन भाषा शिकतं ते विद्वानांमुळेच; फक्त त्या वेळी त्यांचं कुणी ऐकत नसावं. तुमच्या घरी कुणी अडखळत वाचत असेल, तर तेवढा वेळ तुम्हीही मौन धरा, एवढं माझं ऐका. मिठाचं काय, नंतरही सांगता येतं.