करंबेळकरांच्या यादीतला सातवा पदार्थ

लखनौहून कोणीही कुठेही निघालं, की करंबेळकर डॉक्टर खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याच्या हातात कोंबत. मेक्सिकोत गेल्यावर खायच्या अकरा पदार्थांची ती यादी. एकदा आमच्या ह्यांना सोडायला अमौसीला विमानतळावर आले, तेव्हाही त्यांनी ती काढली.

"डॉक्टर, मी पुण्याला चाललोय."

"असू द्या हो. आज पुणे, उद्या कुठे, कोणी सांगावं!"

डॉक्टर म्हणजे तेलीबागेतले आमचे शेजारी, मूळचे रत्नागिरीचे, पिकांच्या रोगांचे शास्त्रज्ञ. मक्यावर काणी नावाची काळी बुरशी पडते, तिचा नायनाट करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. २००३ साली त्याच कामासाठी सहा महिने मेक्सिकोला गेले. पहिल्याच आठवड्यात बाजारात बघतात तो काय, बायका तीच बुरशी कांदा-मिरचीवर परतून मक्याच्या पोळीत घालून विकताहेत.

"वहिनी, जिला मारायला मी गेलो, तिची त्या लोकांनी भाजी केली होती! आणि खोटं कशाला बोलू, फर्स्ट क्लास होती."

परत आल्यावर त्यांनी तेलीबागेतल्या भुट्टेवाल्याकडे काणी पडलेलं कणीस मागितलं. "साहब, ये तो बीमार है," तो बिचारा म्हणाला. "बीमार नहीं भैया, लाजवाब है," म्हणत डॉक्टर ते घरी घेऊन आले आणि स्वतः परतायला बसले. त्यांच्या पत्नी शैलाताई यांनी ती भाजी कढईसकट अंगणात नेऊन ठेवली. कढई पुन्हा घरात आली नाही.

अमीनाबादला चाट खायला गेलो की आम्हाला मेक्सिको ऐकावंच लागे. टाको उभ्यानेच खायचा, मान तिरकी करून, म्हणजे रस शर्टावर पडत नाही. एस्कीते म्हणजे उकडलेले मक्याचे दाणे, वर लिंबू, तिखट आणि किसलेलं चीज. पोसोले म्हणजे टपोऱ्या मक्याचा रस्सा. "पिठात चरबी आहे का, हे विचारायचं नाही. विचारणाऱ्यालाच पाप लागतं," हा त्यांचा ठरलेला इशारा. सातव्या क्रमांकावर तमाल. मक्याचं पीठ कणसाच्या सालीत बांधून वाफवतात, आपल्या पातोळ्यांच्या नात्यातलंच म्हणा. फक्त याच पदार्थापुढे गल्ली, चौक, चर्चची कुठली पायरी, असा सगळा पत्ता लिहिलेला होता. तिथे बसणाऱ्या बाईचं नावही होतं, दोन्या लूपे, म्हणजे आपल्या भाषेत लूपेबाई.

इतकी वर्षं यादी वाटली, पण ती घेतलेल्यांपैकी एकही माणूस मेक्सिकोला गेला नाही.

मग २०१७ साली आमच्या लेकीला, सईला, कंपनीने तीन महिन्यांसाठी तिथेच पाठवायचं ठरवलं. ती निघायच्या थोडे दिवस आधी टीव्हीवर मेक्सिकोतल्या भूकंपाच्या बातम्या आल्या. पडलेल्या इमारती बघून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या संध्याकाळी डॉक्टर आले. मला वाटलं, धीर द्यायला आले. पण त्यांचाच चेहरा उतरला होता.

"सई, बाकीचे दहा नाही खाल्लेस तरी चालेल. सातव्याकडे मात्र जा. ती बाई आहे का, एवढं बघ. तिने मला बरेच दिवस जेवू घातलंय."

"डन, काका. डोंट वरी," सई म्हणाली.

सई गेली, सुखरूप पोचली, मी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांना काही तो टाकता येईना. रोज चहाच्या वेळी यायचे, सईचा फोन आला का विचारायचे. बारा दिवस त्यांनी कोणालाही यादी दिली नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

तेराव्या दिवशी दोघं नवरा-बायको आमच्याकडे चहाला बसलेले असताना सईचा फोन आला. तिथे सकाळ होती.

"आई, स्पीकर ऑन कर! काका, मिल गईं! एकदम ठीक हैं. पायरीला तडा गेलाय, म्हणून थोडी पलीकडे बसते. माझी ऑफिसची मैत्रीण सगळं ट्रान्सलेट करतेय."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "माझी आठवण आहे तिला?"

पलीकडे बरीच बोलाबोली झाली. मग सई हळू आवाजात म्हणाली, "काका, ती विचारतेय, तेव्हा तुमच्या घरी कौन गुज़र गया था?"

डॉक्टरांच्या हातातला कप तसाच राहिला.

"आई," ते म्हणाले. "सांग तिला, माझी आई."

मग आम्हाला सांगू लागले. रत्नागिरीहून फोन आला, पण वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. तिथे कोणाला काही सांगितलं नाही, रोज कामावर गेले. "आपल्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. मला कोण शेजारी? मीही खोलीत चूल पेटवली नाही. तेरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मागायच्या आधीच तमाल हातात ठेवायची, वर दालचिनी घातलेली मक्याची गरम पेज. मला वाटायचं, तिला आपलं काही कळत नाही, तेच बरं."

शैलाताई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला आणि तिथेच त्यांचा हात धरून बसल्या. डॉक्टर रडले. चौदा वर्षांचं रडले, आणि मला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं.

फोन चालूच होता. "हॅलो, काका? त्यांनी दोन बांधून दिलेत. कहती हैं, एक आपका है. अब मैं क्या करूँ?"

"खा गं बाई," डॉक्टर डोळे पुसत हसले. "माझ्या वाटचा तूच खा. तिच्यासमोर खा."