सुपडूनानांची मुसकी

आमच्या गल्लीत भाजीची हातगाडी घेऊन येणाऱ्या इंदूबाईने तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण खिशातून तारेचं कडं काढून ते वांग्यावर चढवून बघणारं गिऱ्हाईक एकच. कडं वांग्याच्या मध्यावर अडकलं तर वांगं पसंत, देठापर्यंत घसरलं तर नापसंत. "नाना, भरीत करनं शे का वाजाडनं शे?" हे इंदूबाई आधीच विचारून घेते. वाजवायचं असेल तर निमुळती वांगी ती स्वतःच ढिगातून बाजूला काढते.

वांगं वाजवणारे हे सुपडूनाना आमचे भिंतीला भिंत शेजारी. धुळ्यातल्या एका बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं. साक्रीपासून नरडाण्यापर्यंत एकही असं गाव नसेल, जिथली वरात नानांच्या फुंकरीशिवाय मांडवात शिरली. आता सत्तरी उलटली, बँडचा लाल कोट ट्रंकेत गेला, पण बत्तिशी शाबूत आहे. तिचा त्यांना फार गर्व. फोटो काढायचा म्हटलं की नाना आधी दात दाखवतात.

या सगळ्या भानगडीला मूळ मी. मी शाळेत गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी एका दुपारी उत्तरपत्रिका तपासत बसले होते आणि शेजारून अचानक वरातीचं गाणं सुरू झालं. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यापासून वर्षभर ते घर गप्प होतं, त्यामुळे मी दचकलेच. गाणं तासभर चाललं. तेवढ्यात एका मुलीला मी चाळीसपैकी बेचाळीस देऊन बसले. मग उठले, शेजारी गेले आणि म्हणाले, "नाना, जरा हळू वाजवता येईल का?"

दुसरा कोणी रागावला असता. नानांनी ट्रम्पेटकडे बघून बराच विचार केला. "ताई, हाई हळू वाजत नही. याले मुसकं बांधनं पडी."

मुसकं म्हणजे मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ती जाळी. ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबायला जे बूच बसवतात त्याला म्यूट म्हणतात, हे मला मागाहून कळलं. पण मुसकं हाच शब्द आता आमच्या अख्ख्या गल्लीत चालतो.

पहिलं मुसकं टॉवेलचं होतं. त्यातून आवाज असा यायचा की कोणीतरी गादीखाली अडकलंय. मग नानांच्या पुण्याच्या मुलाने तीन विकतची मुसकी पाठवली आणि नानांना नादच लागला. ॲल्युमिनियमचं टोकदार मुसकं लावलं की आवाज बारीक आणि झणझणीत. पुढे वाटी असलेलं लावलं की गुबगुबीत, सर्दी झाल्यासारखा. तिसरं नुसतं गुणगुणतं. विकतची झाल्यावर घरची सुरू झाली. मोरी साफ करायचं रबर, नारळाची करवंटी, माझा स्टीलचा पेला. तो पेला परत आला तेव्हा चपटा झाला होता. फैजपूरला माझं माहेर, तिथून मी केळी आणते म्हटल्यावर नाना म्हणाले, "केळी ऱ्हाऊ द्या, केळफूल आना." केळफुलाचा आवाज गोड निघाला, पण त्याच्या चिकाने नानांचे दोन सदरे गेले. आणि शेवटी वांगं. ट्रम्पेटच्या तोंडात बसेल असं कड्याने मापलेलं, मधून कोरलेलं, बाजूने तीन चिरा दिलेलं. हवेला वाट पाहिजे ना!

वांग्याचा फायदा असा की वाजवून झालं की ते वाया जात नाही. नाना ते तुराट्यांवर भाजतात, बडग्याने ठेचतात, वर कच्चं तेल आणि ओल्या मिरचीचा ठेचा, आणि माझ्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची फर्माईश येते. वाजलेल्या वांग्याचं भरीत न वाजलेल्यापेक्षा चांगलं लागतं असं नानांचं ठाम मत आहे. मी गणिताची बाई, पुरावा मागते. पण वाडगा चाटूनपुसून परत देते.

आवाज लहान करणं त्यांच्या लेखी पोरखेळ होता. खरी मेहनत सुराची. "आवाज दबू दे, सूर दबाले नको," हे त्यांचं पालुपद. मुसकं बसवलं की सूर हलतो. ॲल्युमिनियमने चढतो, वाटीवाल्याने किंचित उतरतो, वांग्याचं तर वांगं किती शिळं त्यावर ठरतं. ट्रम्पेटला एक सरकती नळी असते. ती बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. कोणत्या मुसक्याला नळी नेमकी कुठवर, हे लक्षात राहावं म्हणून एक दिवस नाना माझ्याकडे नेलपॉलिश मागायला आले. ॲल्युमिनियमची रेघ लाल, वाटीवाल्याची गुलाबी. वांग्याची जांभळीच पाहिजे असा हट्ट धरला, म्हणून मला मुद्दाम जांभळी बाटली घ्यावी लागली. शाळेत मुली माझ्या नखांकडे बघायला लागल्या.

आणि रोज चार वाजता साक्रीला फोन.

साक्रीला उखाभाऊ राहतात. बँडमध्ये दुसरं ट्रम्पेट त्यांचं. तीस वर्षं ते नानांच्या डाव्या हाताला उभे राहिले. मग पुढचे दात गेले. कवळी लावून ट्रम्पेट वाजत नाही, सुराच्या आधी कवळीच बाहेर येते. उखाभाऊंनी बँड सोडला आणि मुलाकडे साक्रीला गेले. तिथे त्यांच्याकडे पेटी आहे. नाना फोन स्पीकरवर टाकून पाटावर ठेवतात, उखाभाऊ तिकडे पेटीचा सूर धरतात, आणि परीक्षा सुरू होते.

"सूर उतरेल शे, नाना."

"कोठे उतरेल शे? कान कोठे इसरना का रे?"

"तुनं वांगंच सडेल व्हई!"

हे भांडण गल्लीत सगळ्यांना ऐकू जातं. ज्या आवाजासाठी मुसकी आली, त्याच्या दुप्पट आवाज मुसक्यांच्या भांडणाचा. पुन्हा तक्रार करायचं माझ्या अनेकदा मनात आलं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा नाना ओट्यावर वांगं बसवत होते. नळी अगदी जांभळ्या रेघेवर होती. त्यांनी फोन हातात घेतला, आणि लावण्याआधी नळी चांगली बोटभर बाहेर ओढली.

"नाना, रेघ तर इकडे आहे," मी म्हणाले. गणिताच्या बाईला गप्प बसवत नाही.

नानांनी फोन खाली ठेवला. "ताई, रेघवर ठेवं तर उखा काय बोली? बराबर शे म्हनी अन् फोन ठेवी देई." मग ट्रम्पेट पुसत पुसत म्हणाले, "दात गयात अन् तो बोलाना बंद व्हई गया. वरात गल्लीमा उनी का घरमा जाई बसस. त्याना पोऱ्या म्हने, बा दिवसभर तोंड उघाडत नही. मना सूर चुकना का मंग उघाडस."

त्यांनी फोन लावला आणि सूर दिला.

"उतरेल शे! म्हातारा व्हई गया तू." पलीकडून आवाज कसा कडक आला! नाना नळी केसाकेसाने आत ढकलत गेले. "अजून... अजून... बस! आते हालाडू नको."

मी वाकून पाहिलं. नळीची कड जांभळ्या रेघेवर होती, सूतभरही इकडे नाही की तिकडे नाही. त्या क्षणी मला या दोन म्हाताऱ्यांचा फार हेवा वाटला, आणि माझ्या तक्रारीच्या विचारांची लाजही वाटली.

नाना केळफूल आणायला आत गेले. फोन माझ्या हातात दिला, "उखासंगे बोला तवलोंग."

"ताई, नाना आयकत नही ना?" उखाभाऊंनी आवाज खाली आणला.

"नाही, आत गेलेत."

"तो नळी मुद्दाम ओढस."

"तुम्हाला माहीत आहे?"

"तीस वरीस जोडीले उभा ऱ्हायनू मी त्याना. त्याना सूर इतला कधीच उतरना नही. पन वहिनी गयी, पोरगा पुनाले. वरीसभर ट्रम्पेट ट्रंकमा बंद व्हतं. मी बराबर शे म्हनी दिधं तर फोन ठेवी देई तो. मंग बोली कोनसंगे, भिंतसंगे?" मग म्हणाले, "त्याले सांगू नका. त्यानं मन रमस."

नाना केळफूल घेऊन बाहेर आले. "काय सांगे तो?"

दोघांपैकी एकाला खरं सांगितलं असतं तर चारचा फोन त्या दिवशीच संपला असता. मी आयुष्यभर मुलांच्या चुकांखाली लाल शाईने रेघ मारत आले. त्या दिवशी मारली नाही. मी म्हणाले, "तुमचा सूर हल्ली फारच उतरतो म्हणाले. चिंता वाटते म्हणाले."

नानांची बत्तिशी फुलली. "उतरीच ना!" म्हणाले, आणि केळफुलाला नळी दोन बोटं बाहेर ओढली.

आता चार वाजता मी पेपर तपासत नाही, खिडकी उघडी ठेवते. परवा नाना ट्रम्पेट घेऊन माझ्याकडेच आले. ओढून ओढून जांभळी रेघ पुसत आली होती.

"पुन्हा लावून देऊ का? पण तुम्हाला आता रेघेची गरज काय?" मी मुद्दामच विचारलं.

"लावा, ताई. नीट लावा," नाना म्हणाले. "चुकाले बी रेघ लागस."

मी श्वास रोखून रेघ मारली. ती वाळेपर्यंत नळी हलवायची नाही म्हणून नाना तसेच ट्रम्पेट मांडीवर धरून बसले. चार वाजून दहा मिनिटं झाली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. चार वर्षांत पहिल्यांदा साक्रीहून फोन आला होता.

"नाना," पलीकडून उखाभाऊंचा घाबरा आवाज आला, "आज वाजाडत नही का रे?"