बसप्पाकाकांची जांभळी लड

आमच्या शेजारचे बसप्पाकाका फुलपाखरांना ‘कच्च्या रंगाचा माल’ म्हणत. रुईवर बसलेल्या एखाद्याच्या पंखाला हलकेच बोट लावायचं, बोटावरची पूड मला दाखवायची आणि कपाळाला आठ्या घालायच्या. “बघ की! एका धुण्यात जाणार. ह्याच्या रंगाऱ्याला माझ्या भट्टीवर ठेवाय पायजे.”

काका स्वतः सुताचे रंगारी. हात कोपरापर्यंत निळे, आणि ते धुऊन निघत नाहीत याचा त्यांना अभिमान.

उन्हाळा लागला की पहाटे छत्री घेऊन ते सोलापूरच्या बाहेर मळ्यामळ्यांतून हिंडत. खिशात जांभळ्या सुताच्या लडी, एकीपेक्षा दुसरी जरा गडद. आंब्याच्या फांदीवर एक रानफूल येतं. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याला ऑर्किड म्हणत. पाकळ्यांवर तपकिरी चौकडी, मध्ये जांभळी जीभ. “असं लुगडं पायजे,” असं नीलव्वाकाकू एकदा म्हणाल्या होत्या. पुढे त्यांची मुलगी गेली आणि काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. कुणाशी बोलणं नाही. त्या रंगाचा विषय निघाला तरच तोंड उघडत. म्हणून काका दर उन्हाळ्यात रंग जुळवायला निघत.

एका वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. “तू लई शिकलीस. आन् बोलत न्हाईस, म्हंजे फुलपाखरं उडायची न्हाईत.”

वाटेत विहिरीच्या पाटाशी ओल्या चिखलावर पिवळी फुलपाखरं दाटीनं बसली होती. काका त्यांना वळसा घालून गेले. मळ्यातली बाई हसली, “अण्णा, बांडगूळ हुडकताय व्हय? आमचा जावई न्या की!”

“बांडगूळ म्हणू नगं बाई. हे दुसऱ्याचं खात न्हाय. झाडावर नुसतं बसतंय.”

“मग आमचा जावई न्हवंच त्यो!”

पुढच्या आंब्यावर फूल सापडलं. काकांनी छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढली आणि एकेक लड फुलाशी धरली. एकीपाशी मी चक्क ओरडले, “काका, हीच!”

काका खूप वेळ बघत राहिले. “व्हय. हीच हाय.”

मग त्यांनी ती लड बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि दुसरी, जरा तांबूस, हातात घेतली.

“काका, ही नाही.”

“ठावं हाय की, यव्वा.” त्यांनी फांदी सावकाश सोडली. “जुळली म्हणून दिली, तर ती काय बोलंल? बरं म्हणंल, आन् भिंतीकडं वळंल.”

घरी काकूंनी ती तांबूस लड खिडकीशी धरली आणि उठूनच बसल्या. “ही व्हय? डोळे कुटं ठिवून आलात? त्यो रंग असा होता व्हय! गौरा कडंवर होती माझ्या, फूल ओढाय बघत होती, तवा मी जवळनं बघितलंय!” पोरीचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. काका दारात मान खाली घालून उभे होते. “चुकलंच,” म्हणत होते, आणि चेहरा कसा उजळला होता!

काकू माझ्याकडे वळल्या. “तू तरी सांगायचंस की गं!”

काका माझ्याकडे बघत होते.

“मला रंगातलं काही कळत नाही, काकू.”

“मग ये हिकडं,” म्हणत त्यांनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर मला जागा केली.